दोन दिवसांचं सोवळं

"हात लावू नकोस!" माई ओरडल्या. प्रज्ञाचा हात बादलीवरच थबकला.

या वेळी केमो घेऊन आल्यापासून सासूबाईंचं हे असंच चाललं होतं. भिंतीला धरून, धापा टाकत, उलटीनं भरलेली साडी त्या स्वतःच धूत होत्या. रोज प्रज्ञाकडून डोक्याला तेल लावून घ्यायच्या, तेही बंद केलं होतं. प्रज्ञाला ते फार लागलं. परजातीची सून म्हणून भावकी उलटली, तेव्हा याच बाईनं तिला हाताला धरून देवघरात नेलं होतं. मरणाच्या भीतीनं आता जुनं सोवळं परत आलं की काय?

"माई, माझा विटाळ होतो का तुम्हाला?"

माई मटकन खाली बसल्या. "तुझा नाही गं, माझा! ते औषध फार जहाल. दोन दिवस घामातून, उलटीतून बाहेर पडत राहतं. पोटुशीनं त्याला शिवू नये, असं सिस्टर म्हणाल्या."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर हातमोजे घालून धुवायला बसली असतीस."

ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन माई आपणहून तिच्या पुढ्यात येऊन बसल्या. केस गेलेलं डोकं त्यांनी पुढे केलं.

"लाव आता तेल. चांगलं जिरव, दोन दिवसांचं राहिलंय."