मोकळा फुटपाथ

"गाडी काढ म्हटलं की काढायची. ही काय तुझ्या आजोबांची ओसरी आहे?" दुर्गाबाईंनी आयुषला सुनावलं.

आयुष समोरच्या इमारतीत राहायचा. त्याची चारचाकी रोज धायरीतल्या या फुटपाथवर, बरोब्बर दुर्गाबाईंच्या फाटकासमोर आडवी. बाईंनी पाटीही लावून पाहिली होती: 'फुटपाथ माणसांसाठी आहे. आपली गाडी माणूस असल्यास क्षमस्व.' लोक पाटीचे फोटो काढून हसत गेले. गाडी जागची हलली नाही.

बाईंचा जीव तुटायचा तो सुदर्शनसाठी. हा मूळचा अकोल्याचा, जन्मापासून अंध, बँकेत नोकरीला, पलीकडच्या गल्लीत एकटा राहणारा. गाडीला वळसा घालायला बिचाऱ्याला भर रहदारीत उतरावं लागे. एकदा जरी पडलास तरी गाशा गुंडाळून घरी यायचं, असं भावाने बजावलं होतं.

"काकू, इथे मी कुणाचा हात न धरता जगतो," तो म्हणायचा. बाईंच्या फाटकाआतल्या मरव्याचा वास आला की घर जवळ आलं, हे त्याला कळे.

आज आयुष चक्क वरमला आणि गाडी घेऊन गेला. बाईंनी लगेच सुदर्शनला फोन लावला. फुटपाथ मोकळा आहे, संध्याकाळी बिनधास्त ये, म्हणाल्या. मग मनात आलं, हा पठ्ठ्या दुपारी पुन्हा गाडी आणून लावायचा. त्यांनी पदर खोचला, जागेचा पक्का बंदोबस्त केला, मातीचे हात धुतले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी भागात राहणाऱ्या भाचीकडे गेल्या.

फोन तिथेच आला. सुदर्शन फाटकासमोर पडला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं.

बाई तडक दवाखान्यात पोचल्या. सुदर्शनला उचलून आणणारा आयुष खाटेशी उभा होता. त्याला बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लावलीस ना पुन्हा गाडी?"

आयुषने खाटेजवळची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"दादा निघालाय अकोल्याहून," सुदर्शन म्हणाला. बाईंना रडू आवरेना. एवढं भांडून शेवटी पोराचं घर सुटलंच. आता पोलिसांत जाते, त्या म्हणाल्या.

सुदर्शनने चाचपडत त्यांचा हात धरला.

"त्याला बोलू नका, काकू. गाडी नव्हतीच. तुमच्या शब्दावर काठी बगलेत मारून झपाझप येत होतो. मरव्याचा वास आला, म्हटलं, आलं आपलं घर, आणि कुंडीला अडखळून आपटलो. फुटपाथच्या मधोमध कुंडी कोण ठेवतं हो?"