कॅन्टीनमधला फोन

कंपनीच्या प्रत्येक मोबाइलचा वायफायवर एकच खरा पत्ता, म्हणजे त्या फोनचा कायमचा ओळख-क्रमांक, दिसला पाहिजे, सारखा बदलणारा खोटा चालणार नाही, असं साहेबांनी फर्मावलं. नेटवर्कच्या खोलीत ती एकटीच होती, त्यामुळे काम तिच्याच गळ्यात पडलं. आठवडाभरात सगळे फोन सुतासारखे सरळ आले. एक सोडून.

तो अकाउंट्समधल्या ताईंचा होता. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ताई रोज तिच्यासोबत जेवायच्या, तिच्या डब्यातलं निम्मं हक्काने खायच्या. ताई वारल्या, तेव्हा त्यांचा फोन परत आला. त्याची बॅटरी तिनेच काढून ठेवली होती आणि तो तिच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. ती आता जागेवरच जेवायची. डब्यात एकच चमचा आणायची.

तरी रोज जेवणाच्या सुट्टीत त्या फोनचा पत्ता तिच्या स्क्रीनवरच्या ऑफिसच्या नकाशात उमटायचा, कॅन्टीनच्या त्याच कोपऱ्यात.

"ब्लॉक कर आणि विषय संपव," साहेब म्हणाले.

तिने जड मनाने ब्लॉक केला. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली आणि पत्ता पुन्हा उमटला. त्याच्या शेजारी आणखी एक होता. तो तिला तोंडपाठ होता, कारण तो तिच्याच फोनचा होता.

तिचा फोन तर तिच्या हातात होता.

जेवण उरकून माणसं उठावीत, तसे दोन्ही पत्ते एकदम नाहीसे झाले. तिने बॅगेतून डबा काढला. सकाळी गच्च भरलेला डबा हलका लागला. तिने झाकण उघडलं.

आत दोन उष्टे चमचे होते.