भोगीची भाजी

करड्या गोळ्यात सगळ्या भाज्यांचं पोषण असायचं. चव तेवढी जिभेवरची चिप द्यायची. भोगीच्या दिवशी मंजिरीनं गोळे वाढून घरातल्या यंत्रावरून भोगीच्या भाजीची चव सोडली. नवऱ्याला वांगं लागलं, लेकीला पावटा, तिला स्वतःला गाजर. तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि तिघांनीही घास थुंकला. तोंडात नुसता ओला पुठ्ठा!

सासूबाई मात्र शांतपणे जेवत होत्या.

"आई, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"अगं, मला चिप बसलीच नाही. या वयात जीभ धरत नाही म्हणे."

मंजिरीनं आपलं ताट बाजूला सारलं. "मग दर भोगीला 'हरभरा छान लागतोय' म्हणायचात ते?"

"तू इतक्या हौसेनं वाढायचीस," सासूबाई म्हणाल्या आणि सवयीनं पुढचा घास न चावताच गिळला.