माश्यांचं पाणी

तिने घमेलं दिराच्या शेडमधल्या टेबलावर उपडं केलं. मेलेल्या मधमाश्यांचा ढीग बशीवरून घसरत त्याच्या मांडीवर आला.

"घ्या भाऊजी. तुमच्या औषधाचं पीक. पोटभर खा."

"वहिनी, चहात पडल्या."

"मग पिऊ नका. नाहीतर तुम्हीही असेच पाय झाडाल."

काही माश्या अजून पुरत्या मेल्या नव्हत्या. पाठीवर पडून गरगरत होत्या, जिभा बाहेर लोंबत होत्या. सकाळपासून तिच्या पेट्यांसमोर हेच चाललं होतं. बाहेर गेलेल्या माश्या झिंगत परतायच्या आणि दाराशी राखणीला बसलेल्या माश्या आपल्याच बहिणींना ढकलून खाली पाडायच्या. सासऱ्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली, तेव्हा पेटीला कान लावला की लांबवर पाऊस पडत असल्यासारखा आवाज यायचा. आज एका पेटीत तिला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू आलं नव्हतं.

सासरे गेले. पेट्या तिच्याकडे आल्या, बाग धाकट्या दिराकडे गेली. मध्ये कमरेएवढं कंपाउंड उभं राहिलं. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलायची ती फक्त ओरडून.

"फुलोऱ्यात फवारलंत," ती म्हणाली. "झाडं फुलांनी लगडलेली दिसत होती, तरी फवारलंत. मला इथून उठवायचंय ना? मग सरळ माझ्याच अंगावर का नाही मारलंत?"

"तुमच्यावर औषध चालत नाही."

त्याने मांडीवरच्या माश्या झटकल्या आणि शेडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "यंदा पंपाला हातसुद्धा लावलेला नाही. बघा."

पंपाच्या नळीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं ताणलेलं होतं. मधोमध कोळी चांगला टुणटुणीत बसला होता.

तिने ते जाळं नीट पाहिलं. पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"मग मेल्या कशाने? माझ्या तोंडाच्या वाफेने?"

"त्यांना पाणी कशातून पाजता?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"माझ्या शेडमागचं निळं पिंप नेलंत. औषधाचं होतं ते, वहिनी! कंपाउंडापाशी उभा राहून घसा फोडत होतो, 'ठेवा ते, ठेवा खाली!'"

ते ओरडणं तिने ऐकलं होतं. भंगारासाठीसुद्धा जीव जातो मेल्याचा, असं म्हणत तिने पिंप आणखी जोरात घरंगळत नेलं होतं. वर अंगठाही दाखवला होता. उन्हाने लेबल केव्हाच उडालं होतं, वासही येत नव्हता. ओढा आटला, बिचाऱ्यांना लांब जावं लागू नये म्हणून काल तिने ते पिंप उभं चिरलं आणि त्यातलं अर्धं पेट्यांजवळ मांडून पाणी भरलं. माश्या बुडू नयेत म्हणून आत गोटेही घातले.

"मग येऊन सांगायचं होतं," ती म्हणाली. आवाज उतरला होता.

"ऐकलं असतंत?"

तेवढ्यात कंपाउंडापलीकडून सुनेची हाक आली.

"आई, कुठे आहात? पिंपाचं ते दुसरं अर्धं घासून लख्ख केलंय. बाळाला त्यातच आंघोळ घालते हं!"

ती दिराकडे वळली तेव्हा टेबल आडवं झालं होतं, आणि साठी उलटलेला तिचा दीर कंपाउंड ओलांडून तिच्या घराकडे धावत सुटला होता.