क्लबची शेवटची गाडी

भऱ्याच्या माळावरचा मोटारसायकल शर्यतींचा क्लब कर्जात बुडाला आणि अध्यक्ष बापूसाहेबांनी तो बंद करून टाकला. उरलेल्या गाड्या बँक जप्त करणार होती. मेंढरं राखणाऱ्या धुळाजीची लेक रेश्मा सहा वर्षं त्याच मातीत शर्यती मारत आली होती. रविवारी ती शेवटचं एकदा ट्रॅक बघायला गेली, तर ती शर्यतीत चालवायची त्या क्लबच्या गाडीची किल्लीच बापूसाहेबांनी तिच्या हातावर ठेवली.

“ने पोरी. बँकेच्या घशात जाण्यापरीस तुझ्या दारात ऱ्हाऊ दे.”

“पर बापूसाहेब, कागदं?”

“मी हाय न्हवं?”

ती रडतच त्यांच्या पाया पडली. घरी धुळाजीनं गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि “असा मानूस पुन्यांदा व्हायचा न्हाई,” असं भेटेल त्याला सांगत सुटला.

बुधवारी दारात पोलीस आले. गाडी चोरीला गेली म्हणून बापूसाहेबांनी विम्याचे पैसे मागितले होते, आणि तक्रारीत संशय रेश्मावर घेतला होता.

“अवो, त्यांनीच दिली मला!” ती ओरडली.

हवालदारानं तक्रारीचा कागद तिच्यापुढं धरला. वाचता वाचता तिची नजर तारखेवर थांबली. त्या माणसाच्या पायांना लावलेले हात तिनं ओढणीला खसाखसा पुसले.



तिला गाडी द्यायच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, बापूसाहेब तक्रार देऊन आले होते.