पेन्सिलीची वर्तुळं

“बाथरूम छे ने? चोख्खुं छे? अंदरथी स्टॉपर बंध थाय छे?”

व्याऱ्याच्या पुढच्या कुठल्याशा पेट्रोलपंपाला अण्णांनी एवढंच विचारलं, “सारुं” म्हणून फोन ठेवला आणि टेबलावर अंथरलेल्या नकाशावर एक वर्तुळ काढलं. उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्याने. वर्तुळ कसलं, बटाटाच तो. त्यांच्या दुपारच्या गोळ्या घेऊन आलेली शर्वरी उंबऱ्यावरच थांबली.

आठवडाभर हेच चाललं होतं. नकाशा तिच्या लेकीने केलेला. अकरावीत गेल्यापासून इराला घर पुरत नव्हतं. दहा कागद चिकटवून तिने जुना सहा नंबरचा हायवे घरात आणला होता. सुरतेजवळ हजिऱ्याला अरबी समुद्राचं दर्शन घ्यायचं, धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर करत जायचं आणि पुढे फाटा धरून पारादीपला बंगालच्या उपसागरासमोर गाडी उभी करायची. दिवाळीच्या सुट्टीत, बारा दिवसांत. कोपऱ्यात सामानाची यादी होती. टॉर्च, चादरी, लसणाची चटणी. खाली टीप: ‘मम्मीची पाण्याची बाटली नको, ती नेहमी भरलेलीच परत येते.’

अण्णांनी, म्हणजे शर्वरीच्या सासऱ्यांनी, तीस वर्षं याच रस्त्यावर टँकर चालवला होता. सरकारने रस्त्याचा नंबर कधीच बदलला, अण्णांच्या तोंडी तो सहाच राहिला. इराने नकाशा तपासायला त्यांच्यापुढे टाकला आणि घोटाळा झाला. आजोबा फोनला चिकटले. गुजरातेत गुजराती, नागपूरकडे मराठी, त्यापुढे हिंदी. विचारायचे मात्र तेच. बाथरूम आहे का, स्वच्छ आहे का, आतून कडी लागते का.

कडीचं ऐकलं की शर्वरीला काही सुचेनासं व्हायचं. चार वर्षांपूर्वी अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. पुढच्याच महिन्यात ते न्हाणीघरात पडले आणि आतून कडी. दार फोडावं लागलं. त्या दिवशी तिने सुतार बोलावून कडी काढूनच टाकली. आता वाटेवर तरी दार लावून बसायला मिळेल, एवढीच म्हाताऱ्याची हौस असणार.

म्हणजे ते येणार असं धरून चालले होते.

आणि ते येणार नव्हते. बडोद्यातच, वाघोडिया रोडवरच्या एका वृद्ध सेवा केंद्रात त्यांची बारा दिवसांची खोली ठरली होती. शनिवारी पोचवायचं होतं. आज गुरुवार. नवऱ्याला, अमोघला, तिने तीनदा सांगून पाहिलं, की वडील तुमचे आहेत, तुम्ही बोला. तो म्हणाला, तूच सांग, ते तुझंच ऐकतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिचं कोण कधी ऐकत होतं ते तिला आठवेना. सकाळी अण्णांची आंघोळ, मग स्वयंपाक, संध्याकाळी दहावीच्या गणिताची ट्यूशन, रात्री पुन्हा त्यांचे पाय चोळणं. चार वर्षांत ती एक रात्रही बडोद्याबाहेर झोपली नव्हती. तिला समुद्र बघायचा होता असंही नाही. बारा दिवस कुणी हाक मारू नये, एवढंच हवं होतं.

“अण्णा,” गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवत ती म्हणाली, “शनिवारी तुम्हाला...”

“केंद्रात जायचंय. ठाऊक आहे.” त्यांनी गोळ्या गिळल्या. “सोमवारीच त्यांचा फोन आला होता. जेवणात काय चालतं विचारत होते. मी म्हटलं, मऊ भात द्या, बाकी आपलं जमेल.”

शर्वरी खुर्चीत टेकली. इतके दिवस मनात घोकलेली वाक्यं तशीच राहिली. आपण सुटलो की चोरी करताना सापडलो, ते तिला कळेना.

“मग हे सगळे फोन कशाला, अण्णा? तुम्ही तर येणार नाही.”

अण्णांनी नकाशावरून बोट सरकवलं. धुळ्याजवळ ते थांबलं.

“तुझ्या सासूबाई एकदाच टँकरमधून आल्या. इथवर. मे महिना होता. मी काय, वाटेल तिथे गाडी थांबवायचो, झाडामागे जायचो. त्या दिवसभर पाणी प्यायल्या नाहीत. मी म्हटलं, तहान नसेल. धुळ्याला चक्कर येऊन पडल्या, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. गेल्या आठवड्यात नकाशा दाखवताना इराने मला ती टीप हसत हसत वाचून दाखवली. तेव्हा पडला.”

शर्वरीने नकाशा स्वतःकडे ओढला. हजिऱ्यापासून पारादीपपर्यंत वाकडीतिकडी वर्तुळं गेली होती. दोन वर्तुळांमध्ये कुठेही दीड तासाच्या वर वाट नव्हती.

अण्णांनी डाव्या हातात पेन्सिल धरली आणि इराच्या यादीखालची बाटलीची टीप हळूहळू खोडली.

“बाटली ने,” ते म्हणाले. “आणि रिकामी परत आण.”