बाईचा बुवा

“मग तुमच्या वडिलांचं भाषांतर चुकलं, असं म्हणायचं का?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, आणि सभागृहातल्या झाडून साऱ्या माना मागच्या रांगेकडे वळल्या.

मागच्या रांगेत वडील बसले होते. चर्चचे निवृत्त पाळक, इस्त्रीचा कोट, गळ्यापर्यंत बटणं. आद्य ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, धर्मग्रंथातल्या त्या जुन्या पत्राचं त्यांनी थेट ग्रीकवरून केलेलं भाषांतर अजूनही उपासनेत वाचलं जाई. वाचन चाललं असताना ते डोळे मिटून घेत. लोकांना वाटे, प्रार्थना करतात. आज शेजारी बसलेल्या ऑर्गनमास्तरांना खरं ठाऊक होतं: स्वतःचीच वाक्यं चाखतात.

समोर टेबलापाशी त्यांची लेक उभी होती. डॉक्टरेटची तोंडी परीक्षा. सगळे पंडित त्या पत्रातल्या सिद्धांतांवर तुटून पडतात आणि शेवटचे नमस्कार-चमत्कार सोडून देतात. ही नेमकी तिथंच ठाण मांडून बसली होती. पत्र हे पत्र म्हणून वाचा, असं तिचं म्हणणं. ते नेलं कुणी, उघडलं कुणाच्या घरी, सलाम आधी कुणाला आणि नंतर कुणाला, आणि त्यात बायका किती. त्या सलामांत एक जोडी होती, धर्मप्रसाराला धाडलेल्या पहिल्या प्रेषितांमध्ये नावाजलेली. जोडीतलं दुसरं नाव बाईचं. पुढच्या काळातल्या विद्वानांना प्रेषित बाई काही पचेना, म्हणून त्यांनी नावाच्या शेवटी एक ‘स’ चिकटवून तिला पुरुष करून टाकलं. मराठीत तर तेवढेही कष्ट पडले नाहीत. ‘ही दोघं’ म्हटलं की एक बाई, एक पुरुष. ‘हे दोघे’ म्हटलं की दोन्ही पुरुष. तिच्या वडिलांनी ‘हे दोघे’ लिहिलं होतं. वेलांटीच्या जागी मात्रा पडली आणि बाईचा बुवा झाला.

लेक पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. वडिलांना ते बघणं ओळखीचं होतं. घरी ते एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागले की ती अशीच कशाकडे तरी बघे आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे. आता ही आपल्याला सांभाळून घेणार, असं त्यांच्या मनात आलं. त्या काळी तसा प्रघातच होता, असलं काहीतरी गुळमुळीत बोलणार. परीक्षक माना डोलावतील, पदवी देतील, आणि पोर जन्मभर बापाच्या कोटाच्या खिशात राहील.

“चुकलं, सर,” ती म्हणाली. “ग्रीक मला त्यांनीच शिकवलं. नीट शिकवलं, म्हणून चूक दिसली.”

कुणीतरी खोकलं. ऑर्गनमास्तर वडिलांच्या कानाशी पुटपुटले की एकाच वाक्यात हार घातला आणि कानही उपटला. वडिलांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग अध्यक्षांनी, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का, म्हटलं. हा नुसता उपचार असतो. तोवर सगळ्यांचं चित्त चहाकडे लागलेलं असतं. वडील उठले. ऑर्गनमास्तरांनी त्यांच्या कोटाचं टोक धरलं. म्हातारा आता स्वतःची अब्रू राखायला भांडणार आणि पोरीच्या पदवीत विघ्न आणणार, याची त्यांना खात्रीच होती.

“ती बाई होती, हे मान्य,” वडील म्हणाले. “पण मूळ शब्दांचा दुसराही अर्थ लागतो. प्रेषितांमध्ये नावाजलेली नव्हे, प्रेषितांना ठाऊक असलेली. तसं असेल तर ती प्रेषित ठरत नाही, नुसती त्यांच्या ओळखीतली ठरते. आता बोल.”

सबंध प्रबंध त्याच एका खुंटीला टांगलेला होता. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न आपल्याला सुचायला हवा होता, हे त्यांच्या तोंडावर उमटलं.

या वेळी लेकीने ग्लासाकडे बघितलं नाही. तिने जुन्या ग्रीक लेखनातले दाखले काढले, तिच्या विरुद्ध जाणारेही लपवले नाहीत. ज्यांची ती रोजच्या बोलण्यातली भाषा होती, त्या सुरुवातीच्या भाष्यकारांनी त्या बाईला प्रेषितांतच धरलं होतं, तेही सांगितलं. मग म्हणाली, “डॉक्टरांमध्ये नावाजलेलं कोण, असं विचारलं तर आपण डॉक्टरचंच नाव सांगतो. सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असलेल्या पेशंटचं नाही.”

सभागृह हसलं. वडील हसले नाहीत.

“उदाहरणाने काही सिद्ध होत नाही.”

“नाही होत. म्हणून ते शेवटी दिलं.”

ते खाली बसले. बसताना त्यांनी ऑर्गनमास्तरांच्या पायावर पाय दिला आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

पदवी एकमताने मिळाली. बाहेर व्हरांड्यात चहा सुरू झाला, लेकीभोवती घोळका जमला. तेवढ्यात ग्रंथपाल बाई हातातला कप सांभाळत वडिलांपुढे येऊन ठाकल्या. त्या उशिरा आल्या होत्या. त्यांनी फक्त शेवटची जुगलबंदी ऐकली होती.

आपण कुठल्या विद्यापीठाचे, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाल्या, “प्रश्न विचारा ना, हवा तेवढा कठीण विचारा. पण इतक्या शिकलेल्या बाईंशी चारचौघांत एकेरीवर येता? ‘आता बोल’ म्हणे.”

ऑर्गनमास्तर मध्ये पडायला निघाले. वडिलांनी त्यांना हातानेच थांबवलं, कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि ताठ उभे राहिले.

“माफ करा,” ते म्हणाले. “मी बाप आहे त्यांचा.”